पिशवी बाद झाली, रक्तदात्याचं काय झालं?

1996 ते 2002 या काळात ब्राझीलमधल्या साओ पावलो आणि मोन्तेस क्लारोस या दोन शहरांतल्या काही हजार रक्तदात्यांना रक्तपेढीकडून परत बोलावणं आलं. रक्त देताना यातल्या कुणालाच काही होत नव्हतं. तब्येत धडधाकट, रक्तदाब ठीक. दंडाला पट्टी लावून माणसं आपापल्या कामाला परतली होती. मग प्रयोगशाळेत त्यांच्या रक्तात चागास या परजीवीमुळे होणाऱ्या रोगाची प्रतिपिंडं सापडली. पिशवी नष्ट केली गेली, दात्याचं नाव कायमचं बाद यादीत गेलं, आणि रक्तपेढीपुरतं प्रकरण मिटलं.

ते पुन्हा उघडलं 2008 साली. साओ पावलोच्या संशोधक एस्टर सबिनो आणि त्यांच्या ब्राझिलियन व अमेरिकी सहकाऱ्यांनी जुन्या नोंदी बाहेर काढल्या आणि या दात्यांपैकी जे सापडतील त्यांना शोधून त्यांची हृदयं तपासायचं ठरवलं. (2020च्या फेब्रुवारीत ब्राझीलमधला करोनाचा पहिला रुग्ण सापडल्यावर दोन दिवसांत त्या विषाणूचा जनुकीय क्रम लावणाऱ्या गटातल्या याच त्या सबिनो.) प्रश्न साधा होता. रक्त देण्याइतका निरोगी असलेला, पण अंगात हा परजीवी घेऊन फिरणारा माणूस दहा वर्षांनी कुठे पोहोचतो? इतक्या वर्षांत याचं धड उत्तर कुणाकडे नव्हतं. कारण चागासवरचा बहुतेक अभ्यास हृदयरोगाच्या दवाखान्यांत झालेला, आणि तिथे धाप लागलेली माणसंच येतात.

आधी रोगाविषयी

1909 साली कार्लोस चागास हे तरुण डॉक्टर मिनास जेराइस राज्यातल्या लासान्स या गावी होते. रेल्वेमार्गाचं काम चालू होतं, मजूर मलेरियाने आडवे पडत होते, म्हणून त्यांना तिकडे धाडलेलं. तिथल्या कुडाच्या घरांच्या भेगांत राहणारा एक मोठा, रक्त पिणारा किडा त्यांना दाखवण्यात आला. नात्याने ढेकणाच्या जवळचा, पण आकाराने कितीतरी मोठा आणि पंख असलेला. ब्राझीलमध्ये त्याला बार्बेइरो म्हणतात. किड्याच्या आतड्यात चागास यांना एक नवा एकपेशीय परजीवी दिसला, ट्रिपॅनोसोमा क्रुझी. मग तोच परजीवी 14 एप्रिल 1909 रोजी बेरेनिसे नावाच्या दोन वर्षांच्या तापलेल्या मुलीच्या रक्तात सापडला. एकाच माणसाने एका रोगाचा जंतू, त्याचा वाहक आणि त्याचा रुग्ण असं सगळं शोधून काढावं, हे वैद्यकाच्या इतिहासात जवळजवळ घडतच नाही. 14 एप्रिल हा आता जागतिक चागास दिन आहे.

बार्बेइरो रात्री चावतो, पण परजीवी त्याच्या चाव्यातून शिरत नाही. रक्त पिता पिता तो तिथेच विष्ठा करतो. झोपेत माणूस खाजवतो किंवा डोळा चोळतो आणि विष्ठेतला परजीवी आत जातो. सुरुवातीचे एक-दोन महिने थोडा ताप, कधी एका डोळ्याला सूज. बहुतेकांना तेवढंही होत नाही. पुढे रक्तातले परजीवी इतके विरळ होतात की सूक्ष्मदर्शकाखाली सापडणं मुश्किल. ते संपत मात्र नाहीत. हृदयाच्या स्नायूच्या पेशींत, अन्ननलिकेच्या आणि मोठ्या आतड्याच्या भिंतींत ते ठाण मांडून बसतात. ही अवस्था वीस-तीस वर्षं चालू शकते, आणि बहुतेकांच्या बाबतीत आयुष्यभर. साधारण तीनातल्या एकाचं हृदय पुढे बिघडतं: ठोके चुकतात, विजेच्या वाहिन्या अडतात, स्नायू पातळ होऊन हृदय ताणलं जातं, आत गुठळी होऊन ती मेंदूकडे सरकते. काहींच्या बाबतीत पहिलं लक्षण म्हणजे थेट आकस्मिक मृत्यू.

आणि बेरेनिसे? ती सत्तरी ओलांडून जगली. पन्नाशीनंतर पुन्हा तपासली तेव्हाही तिच्या रक्तातून परजीवी वेगळा काढता आला, पण हृदयाला काहीही झालं नव्हतं. या रोगाची पहिली नोंदलेली रुग्ण त्या रोगाने दगावलीच नाही. पुढच्या गोंधळाचं बीज इथेच आहे, असं मला वाटतं. संसर्ग झालेल्या माणसाला रुग्ण म्हणायचं की नाही, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं नव्हतं.

रक्तपेढीत हा रोग कसा पोहोचला

विसाव्या शतकाच्या मध्यावर मिनास जेराइस, बाहिया आणि ईशान्य ब्राझीलमधली खेडी ओस पडू लागली आणि माणसं साओ पावलोच्या कारखान्यांकडे आली. किडा मागे कुडाच्या भिंतीत राहिला, परजीवी मात्र माणसाबरोबर शहरात आला. संक्रमित रक्तातून हा रोग पसरू शकतो अशी शंका अर्जेंटिनातले साल्वादोर माझ्झा यांनी 1936 सालीच बोलून दाखवली होती. 1952 साली साओ पावलोत तसे रुग्ण प्रत्यक्ष सिद्ध झाले.

त्यावर निघालेला उपाय विलक्षण होता. व्हिक्टर नुसेन्झवाइग आणि रूथ नुसेन्झवाइग या जोडप्याने, अजून वैद्यकाचे विद्यार्थी असताना, सहकाऱ्यांबरोबर दाखवून दिलं की रक्तात जेन्शियन व्हायोलेट 1:4000 या प्रमाणात मिसळून ते 24 तास 4 अंशांवर ठेवलं तर परजीवी मरतात. जेन्शियन व्हायोलेट म्हणजे आपल्याकडे एके काळी तोंड आलं की जिभेवर लावायचे तेच जांभळं औषध. बाटलीतलं रक्त जांभळं व्हायचं, रक्त घेणाऱ्याची कातडीही काही काळ निळसर दिसायची, पण चागास होत नसे. पुढे कित्येक वर्षं लॅटिन अमेरिकेतल्या अनेक दवाखान्यांत हे जांभळं रक्त वापरलं गेलं.

जाता जाता: हेच जोडपं पुढे न्यूयॉर्कला गेलं आणि मलेरियाच्या लशीचा पाया त्यांच्या प्रयोगशाळेत घातला गेला. त्यांच्याकडे ओळखल्या गेलेल्या, स्पोरोझोइटच्या (डासातून माणसात शिरणारं मलेरियाच्या परजीवीचं रूप) आवरणातल्या प्रथिनावरच ऑक्सफर्डने तयार केलेली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने उत्पादनात आणलेली आर21 ही लस उभी आहे.

प्रत्येक पिशवीची चाचणी सक्तीची व्हायला मात्र एड्स यावा लागला. हेन्फिल हे ब्राझीलचे लाडके व्यंगचित्रकार. त्यांना आणि त्यांच्या दोन भावांना हिमोफिलिया होता. वारंवार रक्त घ्यावं लागे आणि त्यातूनच तिघांना एचआयव्ही झाला. हेन्फिल 4 जानेवारी 1988 रोजी गेले. त्याच महिन्याच्या 25 तारखेला दात्यांची नोंदणी आणि रक्ताच्या चाचण्या बंधनकारक करणारा कायदा झाला, आणि त्या चाचण्यांत चागासही होता. त्याच वर्षीच्या नव्या राज्यघटनेने रक्ताच्या खरेदी-विक्रीवर बंदी आणली. चागासच्या तज्ज्ञांनी अनेक वर्षं मागितलेलं काम दुसऱ्याच रोगाच्या धक्क्याने पार पडलं.

कायदा झाला तो रक्त घेणाऱ्यासाठी, आणि रास्तच होतं ते. त्याचा एक परिणाम कुणी फारसा विचारात घेतला नव्हता: देशभरातल्या रक्तपेढ्या आता दर वर्षी हजारो धडधाकट माणसांमध्ये एक असा संसर्ग शोधून काढू लागल्या, ज्याचं पुढे काय होतं हे त्यांना सांगता येत नव्हतं. आपल्याकडे शिबिरात चहा-बिस्किटं घेऊन प्रमाणपत्रासह घरी गेलेल्या माणसाला पंधरा दिवसांनी समुपदेशकाचा फोन येतो, ‘एकदा येऊन जाल का?’, तेव्हा त्याच्या पोटात काय कालवतं याची कल्पना करता येईल. पण आपल्या पाच सक्तीच्या चाचण्यांत, म्हणजे एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, सिफिलिस आणि मलेरिया यांत, निदान पुढचा रस्ता डॉक्टरला ठाऊक असतो. साओ पावलोतल्या दात्याला मिळणारं उत्तर बहुतेक वेळा असं असे: तुम्हाला संसर्ग आहे, रोग नाही, रक्त देऊ नका.

‘लक्षणं नाहीत’ म्हणजे नक्की काय

1980च्या दशकात ब्राझिलियन तज्ज्ञांनी चागासच्या ‘अनिर्धारित अवस्थे’ची व्याख्या पक्की केली. रक्तात प्रतिपिंडं हवीत, तक्रार नको, ईसीजी स्वच्छ हवा, छातीचा एक्स-रे स्वच्छ हवा, अन्ननलिका आणि मोठं आतडं यांचे एक्स-रेही स्वच्छ हवेत. या चाळणीतून पार झालेला माणूस पुढची अनेक वर्षं बरा राहतो, असा अनुभव होता.

रक्तदात्याने यातली फक्त पहिली दोन कलमं पूर्ण केलेली असतात. त्याचा ईसीजी कुणीच काढलेला नसतो. तरीही बोलण्यात आणि कागदोपत्री दोघांना एकाच दावणीला बांधलं जाई. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा कणा हाच आहे. तक्रार नाही एवढ्यावरून रोग नाही हे ठरत नाही. ते ठरायला छातीवर इलेक्ट्रोड लावावे लागतात.

शोधमोहीम

सबिनो यांच्या गटाने 1996 ते 2002 या काळातले चागास-पॉझिटिव्ह दाते घेतले आणि त्यांच्या जोडीला तितकेच निगेटिव्ह दाते: त्याच काळात रक्त दिलेले, वयाने आणि लिंगाने जुळणारे. शहरांची निवडही विचारपूर्वक केलेली. साओ पावलो हे स्थलांतरितांचं महानगर. उत्तर मिनास जेराइसमधलं मोन्तेस क्लारोस हे थेट रोगाच्या जुन्या पट्ट्यातलं गाव, लासान्सच्याच राज्यातलं. 2008 ते 2010 मध्ये 499 पॉझिटिव्ह आणि 488 निगेटिव्ह माणसांची पूर्ण तपासणी झाली: हकिकत, शारीरिक तपासणी, ईसीजी, इकोकार्डिओग्राम (हृदयाची सोनोग्राफी).

ईसीजी आणि इको वाचणाऱ्यांना समोरचा कागद कोणत्या गटातला आहे हे कळू दिलेलं नव्हतं. ज्यांचे निकाल बिघडलेले दिसले त्यांची कागदपत्रं तीन हृदयरोगतज्ज्ञांकडे गेली, आणि त्यांनाही गट ठाऊक नव्हता. ही खबरदारी अत्यावश्यक होती. ब्राझीलमधल्या हृदयरोगतज्ज्ञाला ‘हा चागासचा’ असं आधीच कळलं, तर ईसीजीतली बारीकशी खोटही त्याला चागासच वाटणार.

चागासचा ईसीजी कसा दिसतो हे एकदा पाहण्यासारखं आहे. हृदयात वरच्या कप्प्याकडून खाली येणारा विजेचा संदेश दोन मुख्य वाटांनी पसरतो, उजवी आणि डावी. डावीला पुन्हा पुढचा आणि मागचा फाटा. चागासमध्ये उजवी वाट आणि डावीचा पुढचा फाटा हे दोन्ही एकत्र बंद झालेले फार वेळा दिसतात. कागदावर एरवी अरुंद आणि टोकदार असणारा ठोक्याचा उभा आलेख रुंद होतो, छातीच्या पहिल्या लीडमध्ये त्याला सशाच्या कानांसारखी दोन टोकं येतात, आणि विजेचा एकूण रोख डावीकडे वर वळतो. अजून डावीचा मागचा फाटा शाबूत असतो, म्हणून ठोका पडत राहतो. माणूस जिने चढतो, ओझं उचलतो, फुटबॉल खेळतो. त्याला काहीच जाणवत नाही. पण आता तीन वाटांपैकी एकच उरलेली असते.

निकाल आला तेव्हा 499 पॉझिटिव्हांपैकी 120 जणांना, म्हणजे 24 टक्क्यांना, हृदयस्नायूचा निश्चित विकार होता. 488 निगेटिव्हांत तसे बदल 24 जणांत, म्हणजे 5 टक्क्यांत सापडले. रक्तदान आणि तपासणी यांतलं अंतर सरासरी पॉझिटिव्हांत 10.5 वर्षं, निगेटिव्हांत 11.1 वर्षं. हिशेब केला तर संसर्गामुळे पडणारी भर दर वर्षी शंभरामागे 1.85 इतकी निघते.

निगेटिव्हांतले ते 24 जण मला फार महत्त्वाचे वाटतात. तुलनेचा गट नसता तर 24 टक्के हा आकडा सगळाच चागासच्या खात्यावर गेला असता. वय वाढतं, रक्तदाब वाढतो, वाहिन्या झिजतात. परजीवी नसलेल्या माणसाचंही हृदय बिघडतं.

पण सगळ्यात बोलका आकडा वेगळाच आहे. विकार सापडलेल्या त्या 120 पैकी फक्त 31 जणांचं इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे डाव्या कप्प्यातल्या रक्ताचा जेवढा हिस्सा हृदय दर ठोक्याला बाहेर ढकलतं तो, 50 टक्क्यांच्या खाली होतं. आणि चालताना-चढताना त्रास होतो, असं म्हणण्याजोगी अवस्था फक्त 11 जणांची. बाकीचे 109 अजूनही ‘मला काही होत नाही’ असंच सांगत होते. हृदयविकार कागदावर स्पष्ट होता आणि तरी ही माणसं लक्षणविरहितच होती.

दोन फटी

हा अभ्यास चागासच्या जगात गाजला, आणि गाजायलाच हवा होता. पण तो वाचताना दोन फटी लक्षात ठेवाव्या लागतात, आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध दिशेने ओढतात.

पहिली फट: रक्तदानाच्या दिवशी ईसीजी नव्हता. 2009 साली दिसलेला विकार 1998 नंतरच सुरू झाला, हे गृहीत धरलेलं आहे. त्या दिवशी रक्तदानाच्या खुर्चीत बसलेल्यांपैकी काहींची उजवी वाट आधीच बंद झालेली असणार. म्हणजे दर वर्षीचा 1.85 हा वेग प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसत असण्याची शक्यता मोठी.

दुसरी फट: तपासणीच्या खोलीत मेलेली माणसं येत नाहीत. मधल्या दहा वर्षांत ज्यांचं हृदय थांबलं ते या 499 मध्ये नाहीत. त्यामुळे नुकसान प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतं.

दुसऱ्या फटीवर साओ पावलोतच काम झालं. 1996 ते 2000 मधले 2,842 पॉझिटिव्ह आणि 5,684 निगेटिव्ह दाते घेऊन त्यांची नावं राष्ट्रीय मृत्यूनोंदणीशी जुळवली गेली. पॉझिटिव्हांतले 159 जण, म्हणजे 5.6 टक्के, मरण पावले होते. निगेटिव्हांतले 103, म्हणजे 1.8 टक्के. कोणत्याही कारणाने मृत्यू येण्याची जोखीम पॉझिटिव्हांत 2.3 पट. चागास किंवा त्याच्याशी जुळणाऱ्या हृदयविकाराने येणाऱ्या मृत्यूची जोखीम 17.9 पट निघाली. या शेवटच्या आकड्यावर फार भिस्त ठेवू नये, कारण निगेटिव्हांत असे मृत्यू मोजकेच आणि अंदाजाची खालची कड 6.3 तर वरची 50.8. पण खालची कड धरली तरी फरक थोडाथोडका नाही.

खरी गंमत, तिला गंमत म्हणवत नाही, ती मृत्यूच्या दाखल्यांत आहे. 159 पैकी 26 दाखल्यांवर मृत्यूचं मूळ कारण म्हणून चागास लिहिलेला होता. आणखी 23 दाखल्यांवर चागासने होऊ शकतात असे हृदयाचे विकार नोंदलेले. उरलेल्या दाखल्यांवर मृत्यूच्या कारणांत चागासचं नावही नव्हतं. सरकारी रक्तपेढीला ठाऊक असलेली गोष्ट दाखला लिहिणाऱ्या डॉक्टरपर्यंत पोहोचलीच नव्हती, किंवा पोहोचूनही त्याला लिहावीशी वाटली नव्हती. त्या दाखल्यांवरूनच देशात चागासने किती माणसं मरतात याचा आकडा तयार होतो.

पहिली फट बुजायला आणखी दहा वर्षं लागली. 2018-19 मध्ये त्याच माणसांना तिसऱ्यांदा गाठलं गेलं. या वेळी हाताशी 2008-10 चे ईसीजी आणि इको होते, म्हणजे ज्यांचं हृदय तेव्हा खरोखर ठीक होतं त्यांच्यापासूनच मोजणी सुरू करता आली. 2021 साली प्रसिद्ध झालेला निकाल असा: पॉझिटिव्हांत दर वर्षी हजारी 13.8 नवे विकार, निगेटिव्हांत 4.6. फरक 9.2, म्हणजे शंभरामागे एकाहूनही किंचित कमी. आधीच्या अंदाजाच्या निम्मा. शिवाय ज्यांच्या हृदयात विकार आलेला नव्हता त्या पॉझिटिव्हांचं आयुर्मान निगेटिव्हांच्या जवळपासच राहिलं. मृत्यूचं ओझं जवळजवळ सगळं विकार झालेल्यांवर पडलं.

दात्याला सांगण्यासारखं काहीतरी आता कुठे हाती आलं. आज तुमचा ईसीजी आणि इको स्वच्छ असेल तर पुढच्या दहा वर्षांत संसर्गापायी हृदय बिघडण्याची शक्यता दहाएक टक्क्यांच्या आत-बाहेर. स्वच्छ नसेल, तर तुम्हाला कितीही बरं वाटत असलं तरी तुम्ही वेगळ्या रांगेत आहात.

अमेरिकेतली आवृत्ती

अमेरिकेत 2006च्या डिसेंबरमध्ये रक्तदात्यांसाठीच्या पहिल्या चागास चाचणीला परवानगी मिळाली आणि 2007च्या जानेवारीपासून रेड क्रॉसने ती लागू केली. त्याआधी लॉस एंजेलिस, ओकलंड आणि टुसॉन इथे केलेल्या चाचपणीत 1,48,969 रक्तदानांपैकी 61 नमुने पुन्हा पुन्हा पॉझिटिव्ह आले. दुसऱ्या, जास्त काटेकोर पद्धतीने त्यातले 32 पक्के ठरले. म्हणजे पॉझिटिव्ह निघालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना काहीच नव्हतं. रोग जिथे विरळ असतो तिथे असं होणारच, पण फोन सगळ्या 61 जणांना जाणार.

पुढे 2010च्या मार्गदर्शक सूचनांनी तिथे दात्याची ही चाचणी एकदाच केली तरी चालेल असं ठरवलं. लहानपणी कुडाच्या घरात झालेला संसर्ग एकदाच्या चाचणीतच सापडतो आणि अमेरिकेत नव्याने तो फारच क्वचित होतो. रक्त घेणाऱ्याच्या बाजूने हे अगदी योग्य. पण त्या एका चाचणीत सापडलेल्या माणसाला चागास पाहिलेला डॉक्टर त्याच्या गावात मिळेल याची मुळीच खात्री नाही. साओ पावलोत निदान तशा डॉक्टरांची वाण नव्हती.

आपल्याकडे हा परजीवी नाही, आणि चागासची चाचणी भारतीय रक्तपेढ्यांत होत नाही, व्हायचं कारणही नाही. पण या कुळाशी आपली अगदीच ओळख नाही असं नव्हे. 2004 साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय सापडला. गुराढोरांना सरा हा रोग करणारा हा परजीवी माणसात असा निर्विवादपणे पहिल्यांदाच दिसत होता. माणसाच्या रक्तात अशा परजीवींना मारणारं एक प्रथिन असतं. जनुकीय दोषामुळे ते या शेतकऱ्याच्या रक्तात नव्हतंच. जागतिक आरोग्य संघटनेकडून आलेल्या सुरामिनने तो बरा झाला. नंतर त्याच्या गावातली 1,806 माणसं तपासली गेली. प्राथमिक चाचणीत शेकडो जण पॉझिटिव्ह आले, पण परजीवी एकाच्याही रक्तात दिसला नाही. प्रतिपिंड म्हणजे रोग नव्हे, याचा हा घरचा दाखला. साओ पावलोतल्या दात्यांचं मात्र इथे जुळत नाही: पीसीआर केल्यावर त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त जणांच्या रक्तात परजीवीचा अंश मिळाला होता.

मग गोळी कुणाला द्यायची

औषध आहे, आणि ते जुनं आहे. बेन्झनिडाझोल, साधारण 60 दिवस. अंगावर पुरळ उठतं, काहींच्या हातापायांना मुंग्या येतात, बरेच जण कोर्स अर्धवट सोडतात. रोश कंपनीने त्याचं उत्पादन ब्राझीलमधल्या पेर्नाम्बुको राज्याच्या सरकारी प्रयोगशाळेकडे सोपवलं आणि 2011 साली कच्च्या मालावाचून ते जगभर तुटवड्यात गेलं. गरिबांच्या रोगाच्या औषधाची ही नेहमीची कथा, तिच्यावर इथे वेळ घालवत नाही.

ते कितपत उपयोगी आहे याचा कस 2015 साली प्रसिद्ध झालेल्या बेनिफिट चाचणीत लागला. हृदयविकार आधीच झालेले 2,854 रुग्ण, निम्म्यांना बेन्झनिडाझोल, निम्म्यांना औषध नसलेली नुसती गोळी. पाचेक वर्षांनी औषधाच्या गटात 27.5 टक्क्यांची आणि दुसऱ्या गटात 29.1 टक्क्यांची अवस्था खालावली होती. रक्तातले परजीवी स्पष्टपणे घटले, हृदयाला मात्र त्याचा फायदा दिसला नाही. स्नायूची जागा एकदा तंतूंनी घेतली की परजीवी मारून ती परत येत नाही, हा याचा सरळ अर्थ.

विकाराच्या आधी, किंवा तो अगदी कोवळा असताना औषध दिलं तर? ब्वेनोस आयरेसमधल्या डॉक्टरांनी 2006 साली असे 566 रुग्ण प्रसिद्ध केले: औषध घेतलेल्या 283 पैकी 12 जणांचा आजार पुढे सरकला, न घेतलेल्या 283 पैकी 40 जणांचा. 4 टक्के विरुद्ध 14. गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, त्यामुळे हा शेवटचा शब्द नाही. तरी दिशा दिसते. फायदा व्हायचा असेल तर तो अशाच माणसाला होणार, ज्याला काही होत नाही. आणि अशी माणसं घाऊक संख्येने एकाच ठिकाणी भेटतात, रक्तपेढीत.

म्हणून पॉझिटिव्ह दात्याला एका चिठ्ठीवर सोडून देण्याऐवजी त्याच भेटीत ईसीजी काढावा, बिघडलेला असेल तर इकोसाठी पाठवावं, स्वच्छ असेल तर वर्षाला एकदा पुन्हा काढावा आणि औषधाचा विषय तेव्हाच काढावा, असं माझं मत आहे. ईसीजीचं यंत्र ब्राझीलच्या गावोगावी आहे. मिनास जेराइसमध्ये तर आडगावांतले ईसीजी दूरवरून वाचण्याची सरकारी व्यवस्था बरीच वर्षं चालू आहे. अडचण यंत्राची नाही. रक्तपेढीचं खातं वेगळं, प्राथमिक आरोग्याचं खातं वेगळं, आणि दात्याची फाइल दोघांच्या मध्ये पडते.

अमेरिकेत 2007 साली तज्ज्ञांनी केलेल्या शिफारशीनुसार, हृदयविकार पुढच्या टप्प्याला गेलेला नसेल तर 19 ते 50 वयाच्या माणसाला औषध सर्वसाधारणपणे द्यावं. पन्नाशीनंतर डॉक्टर आणि रुग्ण यांनी मिळून ठरवावं. 1998 साली पस्तिशीत रक्त दिलेला माणूस 2009च्या तपासणीत सेहेचाळिशीचा होता, त्या मर्यादेच्या आत. 2018 मध्ये त्याला तिसऱ्यांदा गाठलं तेव्हा तो पंचावन्न वर्षांचा झालेला होता.